मंगळवारचे टाके

आमच्या वस्तीत बाईचं अक्षर कुणाला ठाऊक नसलं तरी तिचा टाका सगळ्यांना ठाऊक असतो. सलोमी ब्रूबाकरचा टाका कोपऱ्यावर आला की जरा थबकतो आणि मग वळतो. एडना मार्टिनचा कायम घाईत, बाहेर घोडा जुंपून ठेवल्यासारखा. आणि लोवायना फ्रेचा टाका तर दिसायचाच नाही. एका इंचात बारा! मोजायला बसलं तर डोळ्यांना पाणी यायचं. कॅनडात, ऑन्टारियोतल्या ग्रँड नदीच्या काठची आम्ही जुन्या वळणाची मेनोनाइट पंथाची ख्रिस्ती माणसं. आमच्यात कौतुक करत नाहीत, कौतुकाने माणूस फुगतो म्हणतात. फार झालं तर गोधडीवरून बोट फिरवायचं आणि म्हणायचं, "चालतील." लोवायनाला चाळीस वर्षं हा एवढाच शब्द मिळाला, आणि तेवढ्यावर ती आतून किती फुगली होती हे तिला आणि देवालाच माहीत.

नोव्हेंबरात शेतं झोपली की दर मंगळवारी आठ बायका सलोमीच्या पुढच्या खोलीत जमायच्या. सलोमी ही लोवायनाची नणंद, तिच्या नवऱ्याची, ओनायसची थोरली बहीण. खोलीभर लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेली गोधडी, आणि चारी बाजूंनी पांढऱ्या टोप्या घातलेली डोकी खाली वाकलेली. हात चालायचे तशी तोंडंही चालायची. कुणाची गाय आटली, कुणाच्या मुलाने बग्गीला नको तितके चकचकीत दिवे लावले, सगळं त्या चौकटीवर निघायचं. मेमध्ये या गोधड्यांचा लिलाव होतो आणि त्यातून परदेशातल्या उपाशी माणसांना धान्य जातं. त्यामुळे वाकडा टाका म्हणजे आमच्याकडे नुसता आळस नाही, जवळजवळ पापच.

पण वाकडा टाका घालणारी म्हातारी असेल तर काय करायचं? त्याचीही आमची एक रीत आहे. व्हेरोनिका वेबर शहाऐंशीची झाली, एका डोळ्याने अधू झाली, तरी मंगळवार चुकवायची नाही. तिचे टाके म्हणजे पांघरून झोपलं तर पायाचं नख अडकेल असे. तोंडावर सांगावं तर क्रूरपणा, तसेच ठेवावेत तर कामचुकारपणा. म्हणून व्हेरोनिका उठून निघताना वरून घालायची काळी टोपी बांधायला पडवीत गेली की लोवायना आणि सलोमी छोट्या कात्रीने तिची ओळ उसवायच्या आणि भराभर नवी भरून टाकायच्या. म्हातारीला टोपीचे बंद बांधायला भारी वेळ लागायचा.

"बंद बांधतेय की घोड्याला नाल ठोकतेय गं?" लोवायना दात-ओठ खात दोरा ओढायची, आणि बाकीच्या तोंडाला पदर लावून हसायच्या. पदर कसला, एप्रनच. व्हेरोनिका गेली ती आपले टाके लिलावाला जातात याच समाधानात गेली. निदान सगळ्या तसंच समजत होत्या.

पुढे लोवायना चौसष्टची झाली त्या वर्षीची गोष्ट. ऑगस्टात पीच बरण्यांत भरायचे दिवस. एका पहाटे तिच्या उजव्या खांद्यापासून कोपराखालपर्यंत अशी कळ उठली की उकळतं पाणी आतून ओतावं. पडली नव्हती, आपटली नव्हती, ताप नव्हता. दहा दिवस तिने हात उशीवर ठेवून काढले. अकराव्या दिवशी दुखणं गेलं. पण पाहुण्याने जाताना घरातली वस्तू उचलून न्यावी तसं ते अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं बळ घेऊन गेलं. दूध काढायची बादली तिला उचलता येई, पण टाचणी धरता येईना. आणि आमच्या बायकांच्या कपड्यांना बटणं नसतात, सगळं टाचण्यांवर उभं असतं.

म्हणून रोज सकाळी ओनायस तिच्या पोशाखाला टाचण्या लावू लागला. सहा फूट उंच माणूस, बोटं कुंपणाच्या खुंटांसारखी.

"आई गं! अरे माणूस आहे मी, पोतं नाही."

"हलू नकोस मग. पोतं तरी हलत नाही."

"चाळीस वर्षं माझ्या हातचं नीटनेटकं बघतोयस, काही शिकलास?"

"शिकलो ना. तू बोलत असताना टाचणी लावू नये, हे शिकलो."

हसायचे दोघं. पण तो गोठ्याकडे गेला की लोवायना आपला हात मांडीवर घेऊन बघत बसायची. सूज नाही, व्रण नाही, रंगही तोच. हात अगदी चांगला दिसायचा, हेच तिला सहन होत नव्हतं. मोडलेला असता तर लोकांना दाखवता तरी आला असता.

कारण मात्र ज्याने त्याने आपापलं शोधलं होतं. सलोमी म्हणाली, खिडकी उघडी टाकून झोपलीस, वारं शिरलं. एडना म्हणाली, पीच. ओनायसच्या भावाने घोड्याचं मलम आणून दिलं आणि पंधरा दिवस लोवायनाला तबेल्याचा वास येत राहिला. तिने स्वतः मनात एक कारण धरलं होतं ते कुणालाच सांगितलं नाही. 'चालतील' या शब्दावर आपण फुगलो, त्याची ही शिक्षा.

शहरातली डॉक्टर तरुण होती. तिने हातात बारीक सुया टोचून यंत्रावर रेघा बघितल्या, रक्त बघितलं, मानेचे फोटो काढले. मग म्हणाली, "अंगठा आणि पहिलं बोट टेकवून गोल करून दाखवा." डाव्या हाताचा गोल झाला. उजव्याची बदकाची चोच झाली.

"कशामुळे झालं हे?" लोवायनाने विचारलं.

"माहीत नाही. नसेला इजा झालीय एवढं दिसतं. का झाली ते सापडत नाही. काहींच्या बाबतीत कधीच सापडत नाही."

घरी येऊन तिने हे सांगितलं तर सलोमी भडकली. "माहीत नाही म्हणजे काय? एवढी शिकलेली बाई! पीच तरी म्हणायचं होतं."

पण डॉक्टरने आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती लोवायनाने नीट ऐकली होती. नस आपली आपण परत येऊ शकते. फेब्रुवारीपर्यंत वाट बघू. तोवर गोल झाला नाही तर दुसऱ्या नसेची फांदी काढून इथे जोडता येईल, बारीक काम परत करता येण्याची बरी आशा आहे. मात्र वर्ष उलटलं की त्याचा उपयोग नाही. "स्नायू वाट बघून बघून मरतो," डॉक्टर म्हणाली. आमच्यात सरकारी विमा घेत नाहीत, दवाखान्याचा भार आमच्या चर्चची सगळी मंडळी मिळून उचलते. म्हणून लोवायनाने देवाजवळ मागणं मागितलं, की शस्त्रक्रिया न करताच बरं कर.

नोव्हेंबरातल्या पहिल्या मंगळवारी ती चौकटीवर बसली तेव्हा खोलीतलं बोलणं एकदम हवापाण्यावर आलं. सुई तिने पहिल्या आणि मधल्या बोटाच्या खाचेत धरली, अंगठ्याच्या कडेने रेटली. सुई कापडात कुठे शिरतेय आणि कुठे निघतेय ते बोटाला कळतच नव्हतं. साडेतीन तासांत तिची एक वीतभर ओळ झाली, एरवी ती तीन हात करायची. तिला वाटलं, मोठे आले टाके, फार मोठे. पण अंधारून आलं होतं आणि सलोमी घाई करत होती. "ऊठ बाई, ओनायस बाहेर गाडी घेऊन उभाय, घोडा गारठेल." लगाम धरता येत नसल्यामुळे तिला न्यायला नवरा यायचा, आणि म्हणून सगळ्यांत आधी तीच निघायची.

पुढच्या मंगळवारी ती सरळ आपल्या कोपऱ्याशी गेली. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. टाके बारीक होते. बारा नसतील, पण नऊ-दहा खास. एका रेषेत.

बोटाला कळत नव्हतं म्हणून आपल्याला मोठे वाटले, ती मनाशी म्हणाली. डोळ्याला तर चांगले दिसताहेत.

त्याच्या पुढच्या मंगळवारी आणखी चांगले. नाताळाआधी सलोमीने तिच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चालतील." लोवायना स्वयंपाकघरात जाऊन रडली. चाळीस वर्षांत त्या शब्दावर ती पहिल्यांदाच रडली होती.

तुम्ही म्हणाल, जिने स्वतःच्या हाताने व्हेरोनिकाचे टाके उसवले, तिला हे सुचू नये? नाही सुचलं. दुसरीची कीव करताना आपण कधी त्या जागी बसू असं कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि बसल्यावर तर त्याहून येत नाही. शिवाय माणसाला जे हवं असतं ते दिसलं की तो दिवा जवळ नेऊन बघत नाही. सलोमीचा टाका वळणावर थबकतो, हे लोवायनाने अंधारातही ओळखलं असतं. आपल्या ओळीत तो प्रत्येक कोपऱ्यावर थबकतोय, हे तिने भर दिवसा पाहिलं नाही. घरी टाचणी अजून हातातून सुटायची. "टाचणीचं सोड," ती ओनायसला सांगायची. "सुई माझ्या ओळखीची आहे, ती ऐकते."

फेब्रुवारी आला. डॉक्टरची तारीख भिंतीवर लिहिलेली होती. तिने पलीकडच्या रस्त्यावरच्या इंग्रज, म्हणजे आमच्यातल्या नसलेल्या, शेजाऱ्याकडे जाऊन दवाखान्यात फोन केला. हात सुधारतोय म्हणाली, येत नाही. पलीकडची मुलगी म्हणाली, एकदा दाखवून तरी जा. "उन्हाळ्यात बघू," लोवायना म्हणाली. परतताना तिला फार हलकं वाटत होतं. मंडळीवर भार पडला नाही आणि देवानेही ऐकलं. एका फोनमध्ये दोन्ही कामं झाली.

उन्हाळा मटार सोलण्यात आणि स्ट्रॉबेरी वेचण्यात गेला. हात होता तसाच होता, पण ती म्हणे, थंडीत सुई धरली की पुन्हा मोकळा होईल. मग ऑगस्ट गेला, पीच गेले आणि सप्टेंबरात नात लीयाचं लग्न ठरलं. आमच्यात नातवंडाच्या लग्नाला आजी गोधडी देते. चौकट या वेळी लोवायनाच्या पुढच्या खोलीत लागली. निळ्या आणि राखाडी त्रिकोणांची गोधडी, मधे चांदणी. मंगळवारी सगळ्या आल्या.

दुपार चांगली गेली. एडनाच्या सुनेवर, बिशपच्या बायकोच्या गुडघ्यांवर आणि नवऱ्या मुलाच्या कानांवर बोलून झालं. चारच्या सुमाराला सलोमी म्हणाली, "लोवायना, कॉफी टाक गं. घसा वाळला."

"तू बोलायची थांबलीस तर वाळणार नाही."

"जा बाई, जा. तुझ्या घरी आल्यावर मीच करू का?"

ती हसत आत गेली. किटली चढवली. मग तिला आठवलं, एडनाला पित्त झालंय, ती कॉफी घेत नाही, तिला चहा हवा का ते विचारावं. ती परत फिरली आणि दाराशी थांबली.

तिच्या रिकाम्या खुर्चीभोवती तिघी वाकल्या होत्या. बिशपची बायको कापड ताणून धरून होती. सलोमीच्या हातात छोटी कात्री होती, आणि ती लोवायनाचा दोरा एकेका टाक्यातून उचलत होती. मागून एडना भराभर भरत होती.

"गेल्या वर्षीपेक्षाही मोठे आहेत गं," एडना कुजबुजली.

"गप्प. हात चालव, येईल ती."

"सांगायचं का एकदा तिला?"

"कोण सांगणार? तू सांगशील?" सलोमीने मान वर न करता विचारलं. "याच्याशिवाय तिचं दुसरं आहे काय? हळू ओढ, भोकं दिसता कामा नयेत."

लोवायना दोन पावलं मागे सरकली. स्वयंपाकघरात येऊन ती चुलीकडे पाठ करून उभी राहिली. एक एक मंगळवार तिच्या डोळ्यांपुढून गेला. घोडा गारठेल. अंधारलंय. ऊठ बाई. नाताळाआधीचं ते 'चालतील'. तिला आधी लाज वाटली, पार कानाच्या पाळ्या तापल्या. मग फेब्रुवारीतला फोन आठवला आणि लाजेच्या जागी भीती आली. ऑगस्ट उलटून गेला होता. तिने उजवा हात वर धरला, अंगठा आणि बोट टेकवायला गेली. बदकाची चोच.

किटली शिट्टी मारून थकली तेव्हा तिने कपबश्या मुद्दाम खणखणवल्या आणि खोलीत गेली. सगळ्या आपापल्या जागी बसल्या होत्या. तिची ओळ बारीक आणि सरळ होती.

त्याच आठवड्यात ती भाड्याच्या मोटारीने शहरात गेली. तीच डॉक्टर होती. सुया टोचून झाल्या, रेघा बघून झाल्या.

"फेब्रुवारीत का आला नाहीत?"

"मला वाटलं, बरा होतोय."

"कशावरून वाटलं?"

"टाक्यांवरून," लोवायना म्हणाली.

आता नस जोडून काही होणार नाही, डॉक्टरने सांगितलं. दंडाखालचा एक स्नायुबंध वळवून बसवला तर कप धरता येईल, दार उघडता येईल. सुई नाही. "तेव्हा आला असतात तरी खात्री नव्हती," ती हळू आवाजात म्हणाली. लोवायनाला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल. पण त्या वाक्याने तर तिला धरायला काहीच उरलं नाही. हात नक्की वाचला असता म्हणावं तर तेही नाही, आणि जाणारच होता म्हणावं तर तेही नाही. का गेला ते डॉक्टरला माहीत नव्हतं, राहिला असता का ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

मोटारीत बसून तिने एक वाक्य तयार केलं. घरी पोचेपर्यंत ते घोटून घोटून गुळगुळीत केलं. तुमच्या दयेपायी माझा हात गेला, सलोमी. एवढंच. यात खोटं काही नव्हतं. रविवारी प्रार्थनेच्या वेळीही ते तिच्या जिभेवर होतं, आणि ओनायस सकाळी टाचण्या लावताना दोनदा ते त्याच्याच अंगावर फेकलं जाता जाता राहिलं. इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. त्यांनी तिच्यासाठी तेच केलं होतं जे तिने व्हेरोनिकासाठी केलं. नेमकं तेच, त्याच कात्रीने.

मंगळवारी सलोमी सगळ्यांच्या आधी आली. पडवीत टोपी काढतानाच तिने विचारलं, "काय म्हणाली डॉक्टर?"

"हात असाच राहणार म्हणाली."

"असाच?" सलोमीच्या हातातले बंद तसेच राहिले. "पण ते जोडायचं काहीतरी म्हणाली होती ना गेल्या वर्षी?"

"त्याची वेळ गेली. फेब्रुवारीत यायला हवं होतं म्हणाली."

"मग गेली नाहीस कशाला?" सलोमी ओरडलीच. "आं? तारीख तर भिंतीवर होती तुझ्या! का गेली नाहीस?"

वाक्य जिभेवर होतं. सलोमी बाहत्तर वर्षांची होती. तिच्या एका बोटावर पट्टी होती, बारीक टाके भरताना सुई लागलेली. हे वाक्य एकदा तिच्या छातीत गेलं की मरेपर्यंत बाहेर निघणार नव्हतं. ते तिथून उसवायला कुणाची कात्री पुरणार नव्हती.

"बर्फ फार होतं तेव्हा," लोवायना म्हणाली.

सलोमी तिच्याकडे बघत राहिली. बर्फाने लोवायना फ्रेला कधी अडवलं नव्हतं, हे वस्तीतल्या घोड्यांनाही ठाऊक होतं. पण तेवढ्यात एडनाची गाडी वाजली, आणि दोघी आत गेल्या.

लोवायना आपल्या जागी बसली. सुई खाचेत धरली, अंगठ्याने रेटली. तिला आता आपले टाके जसे होते तसे दिसत होते. पायाचं नख अडकेल असे. चांदणीच्या एका कडेने तिने ते संध्याकाळपर्यंत घातले, एकामागून एक, जमतील तितके सरळ. कुणाची सून, कुणाचे गुडघे, सगळं बोलणं डोक्यावरून जात होतं. तिला व्हेरोनिका म्हातारी आठवत होती, पडवीत उभी, वाकून, टोपीचे दोन बंद हातात धरून. दोन साधे बंद बांधायला कुणाला एवढा वेळ लागतो, हा प्रश्न वीस वर्षांत तिला एकदाही पडला नव्हता.

चार वाजले. सलोमी काही बोलायच्या आत लोवायना उठली.

"मी कॉफी टाकते," ती म्हणाली. "मला जरा वेळ लागेल."

आत जाऊन तिने दार ओढून घेतलं. कॉफी उकळली तेव्हा ती तिने मोरीत ओतून दिली, आणि किटली पुन्हा भरून चुलीवर ठेवली.